उत्तरेकडची खिडकी

पास्कलकाका शुक्रवारी सकाळी वारले.

बहारीनला, माहूजमध्ये आमचे फ्लॅट समोरासमोर. मी गेलो की काका म्हणायचे, "तू नेव्हमध्ये बस. चहा चान्सेलमधून येईल." नेव्ह म्हणजे चर्चमधली लोकांनी बसायची जागा, चान्सेल म्हणजे वेदीची. काकांच्या घरात अनुक्रमे सोफा आणि गॅस.

हे शब्द त्यांना लागले एका चर्चमुळे; ते चर्च इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं, सातशे वर्षांपूर्वीचं. काकांनी ते कधी पाहिलं नव्हतं. ते मूळ वसईचे, मनामातल्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन. दिवसभर कॉम्प्युटरवर टॉवर काढायचे आणि घरी येऊन पेन्सिलीने त्या चर्चचा नकाशा. त्यांची एकुलती मुलगी मेबल त्या खेड्यात राहायची, जवळच्या हॉस्पिटलात नर्स होती. मापं ती फोनवर द्यायची.

नेव्हचं लाकडी छप्पर काकांना पसंत होतं. "उपडं घातलेलं तारू आहे रे! आमच्या वसईचा सुतार गेला असणार तिथे."

चान्सेलवर मात्र राग. ते नेव्हच्या रेषेत नव्हतं, जरा डावीकडे गेलेलं. क्रुसावरच्या ख्रिस्ताची मान कललेली, म्हणून तसं बांधत असं लोक मानतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते त्यांना सांगितलं.

"मान कसली! गवंड्याची दोरी सरकली आणि पाद्रीने डोळे मिटून सही केली. आमच्या साइटवर असता, तर त्याच दिवशी खलास!"

एकदा मी गेलो, तेव्हा काका उत्तरेच्या भिंतीतली एक खिडकी खोडत होते. आदल्या आठवड्यातच ती मापाने काढलेली.

"काका, ही तर बरोबर होती!"

"बरोबरच आहे." त्यांनी रबराचा चुरा फुंकला. "मेबलला 'कशी आहेस' विचारलं, तर 'फाइन, डॅडी' म्हणते. संपलं. खिडकी विचारली की टेप घेऊन चर्चमध्ये जाते. मग अर्धा तास बोलते. वाटेत कोण भेटलं, काय जेवली, पाय दुखतात का, सगळं."

"आणि नकाशा?"

"पुरा झाला तर विचारू काय?"

मेबल अंत्यविधीला आली. सामान आवरताना तिने नकाशा उलगडला आणि उत्तरेच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"ही विंडो मी डॅडींना किती वेळा मेजर करून दिली. लास्टला ते विसरायला लागले होते का?"

"नाही," एवढंच म्हणून मी नकाशाची गुंडाळी करून तिच्या हातात दिली.

नकाशा आता तिच्याकडे आहे. उत्तरेच्या भिंतीत एका खिडकीची जागा कोरी आहे.