जोतीरामला गती मिळेना

ज्ञानबा जॉबराचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. गिरणीत हाताखालच्या कामगारांवर मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून त्याचा घरातला आवाजही तसाच झाला होता, आणि त्यात आज पोरानं तिसरं पुस्तक मागितलं होतं. जोतीराम पुण्याला इंजिनियरिंग शिकत होता. म्हणजे शिकायला ठेवला होता. बाकीचे विषय कसेबसे सुटले, पण डायनॅमिक्स नावाच्या एका विषयात तो दोनदा आपटला, आणि ऑक्टोबरात पुन्हा आपटला तर कॉलेज त्याच्या हातात नारळ देणार होतं.

"पहिल्या पुस्तकात नुसतं समजावलंय, सोडवलेली गणितंच न्हाईत," सुट्टीला घरी आलेला जोतीराम सांगत होता. "दुसऱ्यात गणितं हायत, पर ती फूट-पौंडात. पेपर येतो मीटर-किलोत. मला मधलं पायजे, आण्णा."

"मधलं," ज्ञानबा म्हणाला. "सदरा घ्यायला निघालास व्हय, ढगळ नको आन तंग नको? दोन पुस्तकं तू निवडलीस, दोनदा नापास झालास. आता पुस्तक मी आणणार. आन ह्या बारीला पास झाला न्हाईस तर मला तोंड दाखवू नगंस."

मुक्ताबाईनं चुलीपासून "अवो" म्हटलं, पण नवऱ्याच्या तोंडाला लागायची तिची तयारी नव्हती.

त्या इंग्रजी नावाला मात्र ज्ञानबाची जीभ वळेना. घोकता घोकता त्याचं डायनामाईट व्हायला लागलं. शेवटी शेजारच्या पेन्शनर मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले की आपल्या मराठीत त्याला गतिशास्त्र म्हणतात, बेधडक मागा. गिरणीतली पाळी सुटल्यावर ज्ञानबा वाटेतल्या पहिल्याच दुकानात घुसला. तिथं पंचांगं, पोथ्या आणि आरत्यांची पुस्तकं मिळायची. पण ज्ञानबाच्या लेखी पुस्तकाचं दुकान म्हणजे पुस्तकाचं दुकान.

"गतीचं पुस्तक द्या," तो गुरगुरला.

दुकानदारानं त्याचा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "कुणासाठी?"

"पोरासाठी. जोतीराम नाव. लई केलं, पर गती न्हाय त्याला. तितंच अडकून पडलाय."

"अरेरे. वय काय होतं?"

"इकवीस."

"कशानं झालं?"

"संगतीनं. दुसरं काय?"

दुकानदारानं इकडंतिकडं पाहिलं. "अजून दिसतो का?"

"दिसतो की. दिवा लावून कोपऱ्यात बसतो. हाक मारली तर ओ देत न्हाय. जेवायला बराबर हजर."

दुकानदारानं घाईघाईनं फळीवरचं लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्याच्या नावानं रोज एक अध्याय वाचा, सुटेल, असं सांगितलं.

"मी कशापायी वाचू? त्यालाच वाचू दे की," म्हणत ज्ञानबा तरातरा निघून गेला.

नेमका त्याच वेळी ज्ञानबाच्या गावचा, केमचा येडू पंचांग घ्यायला म्हणून दुकानात मागं उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि जोतीराम गेला असंच धरलं. ज्ञानबाला गाठून विचारायला हवं होतं, पण भल्या दिवशीसुद्धा जो अंगावर येतो त्याला अशा दिवशी कोण विचारणार? येडूनं तडक स्टेशन गाठलं आणि केमच्या गाडीत बसला.

इकडे जोतीरामनं पुस्तक उघडलं. मेल्यावर जीव कुठल्या वाटेनं जातो, वाटेत नदी कशी लागते, याचं त्यात बारकाईनं वर्णन होतं. तो फिसकन हसला. ज्ञानबानं मास्तरांना शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, इंजिनियरिंग काढणाऱ्याच्या सात पिढ्यांना घातल्या. आपण चुकलो एवढं सोडून बाकी सगळं तो बोलला. शेवटी, उद्या तूच जाऊन बदलून आण, असं पोरावर खेकसला.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ज्ञानबा घरी आला तर दाराला कुलूप, आणि अंगणात अर्धं केम बसलेलं. पुरुषांनी टोप्या काढून ठेवल्या होत्या. थोरला भाऊ कोंडीबा उठला आणि त्याच्या गळ्यात पडला. बहीण गोजरबाईनं गळा काढला, "माझा जोतीराम गेला रं, ज्ञानबा."

कुलूप, माणसं, रडणं. तोंड दाखवू नगंस असं आपणच म्हणालो होतो. पोरानं जिवाचं काहीतरी करून घेतलं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही. तो उंबऱ्यावर मटकन बसला. आजवर त्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आता तो धाय मोकलून रडू लागला.

"म्याच मारला रं त्याला," तो म्हणाला. "नापास झाला असता तरी चाललं असतं. दहादा हो म्हणावं नापास. मला इंजिनियर नगं. माझं पोरगं तेवढं माघारी द्या."

तेवढ्यात बोळातून जोतीराम आला. काखेत तेच लाल पुस्तक होतं. बाहेरूनच तो कुरकुरत होता, "आण्णा, त्यो दुकानदार येडा हाय. म्या म्हणालो, मीच जोतीराम, काल माझ्यासाठी नेलेलं पुस्तक परत घ्या. तर त्यो हात जोडून गल्ल्यामागंच बसला." मग त्याला माणसं दिसली.

गोजरबाई किंचाळून मागं सरकली. ज्ञानबानं उठून पोराला आधी पोटाशी धरलं, मग एक थोबाडीत दिली, मग पुन्हा पोटाशी धरलं. शेजारच्या बोळात पापड लाटायला गेलेली मुक्ताबाई पळत आली. सगळा उलगडा झाल्यावर रोख येडूकडे वळला, पण बरोबर आलेला येडू केव्हाच पसार झाला होता. मग जो तो ज्ञानबावरच तुटून पडला. तिकिटाला पैसे मोडून रडायला आलो ते काय ह्यासाठी, असं कोंडीबानं तोंडावर विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ज्ञानबाला ऐकून घ्यावं लागलं.

बाप इतका मऊ झालेला पाहून आणि तो रडताना काय म्हणाला हे गोजरबाईकडून ऐकून जोतीरामला धीर आला. "आण्णा, खरं सांगू?" तो म्हणाला. "तिसरं पुस्तक नगंच. पहिलंच चांगलं हाय. म्या ते पहिल्या धड्याच्या फुडं वाचलंच न्हाय."

ज्ञानबाचा हात वर गेला. गोजरबाई डोळे पुसत म्हणाली, "माझ्या वाटणीची बी एक दे त्याला."

"तुमीच म्हणालात," जोतीराम आईमागं सरकत घाईनं म्हणाला, "नापास झालो तरी चालंल. सगळ्या केमनं ऐकलंय."

"ते मेलेल्या पोराला म्हणालो हुतो," ज्ञानबा म्हणाला. "जित्त्याला पास व्हावं लागंल."