शेऱ्याची साफसफाई

घरवाटप कार्यालयात घरासाठी अर्ज केलेल्या यच्चयावत नागरिकांची माहिती एका संगणकातल्या एका डेटाबेसमध्ये साठवलेली होती, आणि ती घाण होती. ही गोष्ट मुख्यालयाच्या तपासणी पथकाने उघडकीस आणली. पथकाने अर्ज तपासले नाहीत, घरं तर मुळीच नाहीत. त्यांनी ‘शेरा’ नावाचा रकाना उघडला, दोन ओळी वाचल्या आणि खुर्च्या मागे सरकवल्या.

अर्जदाराने खिडकीवर येऊन आपली अडचण सांगायची आणि खिडकीवरच्या बाईंनी ती शेऱ्यात टाइप करायची, अशी तिथली पद्धत होती. बाईंचा हात चपळ आणि स्वभाव प्रामाणिक. समोरचा जे बोलेल ते त्या जसंच्या तसं उतरवून घेत. त्यामुळे ‘छत गळतं’ याच्या जोडीला ‘थांबा, दम लागलाय’, ‘पंखा जरा इकडे फिरवा’ आणि ‘अहो, मागून ढकलू नका’ ही माहितीही सरकारदरबारी जमा झाली होती. पथकाने अहवालात लिहिलं : ‘मजकूर अशुद्ध. वर्गीकरण अशक्य. शुद्धतेचे प्रमाण शून्य. तातडीने कार्यवाही व्हावी.’

कार्यवाही व्हायची म्हणजे ती एका लिपिकाने करायची. कार्यालयात त्याला सगळे अल्पविराम म्हणत, कारण साहेबांसमोर त्याचं एकही वाक्य आजवर पूर्ण झालेलं नव्हतं. डेटाबेसमधलं मात्र त्याला चांगलं कळत होतं, आणि हे काम मिळाल्याचा त्याला मनातून आनंदच झाला. अडचण एकच होती. त्या हजारो अर्जांमध्ये एक अर्ज त्याच्या सख्ख्या ताईचा होता.

ताई चौथ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आप्पांच्या पायांत आता जिना उतरण्याचं बळ नव्हतं. अल्पविराम स्वतः दुसऱ्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत असल्यामुळे वडिलांना ताईकडे ठेवणं त्याला एका मजल्याने सोयीचं वाटलं होतं. ताईच्या शेऱ्यात बाईंनी लिहिलं होतं : ‘तळमजला द्या. वडील वर चढले ते चढलेच, पुन्हा खाली उतरले नाहीत. मी पाठीवर घेते म्हटलं तर म्हणतात, मी काय पोतं आहे का. दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसायचंय त्यांना, बाकी काही नको. खोली लहान चालेल. बाई, सगळं लिहिताय ना?’

बाईंनी सगळं लिहिलं होतं.

सुरुवात निरुपद्रवी होती. जास्तीच्या स्पेस काढायच्या, एकाच शब्दाची चार रूपं असतील तर एक करायचं. अल्पविरामाने एक आज्ञा दिली आणि सगळा रकाना केस विंचरल्यासारखा सरळ झाला. साहेबांनी पडद्याकडे पाहून मान डोलावली.

“छान. आता हे ‘बाई’, ‘साहेब’, ‘हात जोडतो’, ‘तुमचंच लेकरू समजा’ हे काढा. हा काय मजकूर आहे? ही सलगी आहे.”

सलगी काढली. मग एक समिती बसली आणि तिने ‘भावनादर्शक शब्दांची प्रमाण सूची’ तयार केली. ‘फार’, ‘खूप’, ‘एकदाचं’, ‘निदान’, ‘रडकुंडीला’ हे शब्द तिच्यात होते. ‘निदान’ या शब्दावर समितीत दोन बैठका वाद झाला, कारण एका सदस्याच्या मते तो वैद्यकीय होता. शेवटी तोही गेला.

दर वेळी आज्ञा देताना अल्पविराम हळूच एक अट घालायचा : ताईची नोंद सोडून. हजारो नोंदींत एक नोंद कोण बघतंय? समुद्रात खसखस. शिवाय तो काही गैर करत नव्हता, फक्त एक गोष्ट करत नव्हता, आणि सरकारी नोकरीत हा गुन्हा समजत नाहीत.

“काय झालं रे माझ्या अर्जाचं?” ताई रोज फोनवर विचारायची.

“साफसफाई चाललीय. झाली की वाटप.”

“माझं सगळं लिहिलेलं आहे ना पण? उन्हाचं?”

“अक्षर न् अक्षर आहे ताई. मी आहे ना तिथे.”

ती निश्चिंत व्हायची, आणि आप्पा आतून विचारायचे, खुर्ची आपली न्यायची की तिकडे मिळते.

इकडे साहेबांसमोर नवाच पेच उभा राहिला. सलगी गेली, भावना गेल्या, तरी शेरे एकमेकांशी जुळेनात. कुणाचं छत गळत होतं, कुणाच्या एका खोलीत दोन संसार होते, कुणाचा मालक सामान बाहेर फेकत होता. ज्याचं त्याचं कारण वेगळं.

“अहो, प्रत्येकाचं कारण वेगळं असेल तर वर्गवारी करायची कशी?” साहेब वैतागले. “आणि मुळात कारण हा अर्जदाराचा खासगी प्रश्न आहे. आपण लोकांच्या घरात डोकावायचं नसतं.”

“पण साहेब, आपलं कार्यालय घरांचंच...”

“बरोबर बोललात. घरांचंच. म्हणजे मागणी काय? घर हवे. एवढंच ठेवा.”

त्या दुपारी अल्पविरामाने आज्ञा दिली आणि शेऱ्याच्या रकान्यात, ताईची एक ओळ सोडून, वरपासून खालपर्यंत ‘घर हवे, घर हवे, घर हवे’ असं उभं राहिलं. खरं सांगायचं तर त्याला ते दृश्य आवडलं. कुठे एक काना पुढे नाही की एक वेलांटी मागे नाही. त्याने खिडकीवरच्या बाईंना बोलावून दाखवलं. बाईंनी रकाना वरून खालपर्यंत पाहिला.

“माझी एवढी वर्षं टाइप केलेली माणसं कुठे गेली हो?”

“आहेत की. सगळी आहेत. फक्त नीटनेटकी झालीत.”

बाई वळल्या. परत जाऊन खिडकीशी बसल्या.

एक रकाना स्वच्छ झाला की शेजारचे घाण दिसू लागतात, हे घरात रंगकाम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. नावांचा रकाना पाहावा तर कुणी आडनाव आधी लिहिलेलं, कुणी मागून, कुणी नवऱ्याचं नाव मध्ये घातलेलं. मुख्यालयाने कळवलं की तूर्त सर्वत्र ‘अर्जदार’ असे प्रमाणित करावे. पत्त्याचं तर नावच नको. ज्यांना घर नाही त्यांनी पत्ता लिहिलाच कसा, अशी शंका लेखापरीक्षकांनी काढली, आणि अशा संशयास्पद रकान्यात सरसकट ‘निरंक’ भरण्याचा आदेश निघाला. अर्जाची तारीखही गेली, कारण जुन्या तारखांमुळे विलंब झाल्याचा गैरसमज होत होता. अर्जाचा क्रमांक तेवढा उरला होता. पण सर्व नागरिक समान असताना एकाला पहिला आणि दुसऱ्याला चारशेवा म्हणणं बरं दिसत नाही, असं साहेबांना वाटलं, आणि क्रमांकही गेला.

आणि मग एका सकाळी संगणकाने आपण होऊन विचारलं : ‘हुबेहूब सारख्या नोंदी आढळल्या. जादा नोंदी काढून टाकायच्या?’

अल्पविरामाचा हात थांबला. त्याने साहेबांना बोलावलं.

“साहेब, या जादा नाहीत. ही वेगवेगळी...”

“वेगळं काय आहे दाखवा. नाव?”

“अर्जदार.”

“पत्ता?”

“निरंक.”

“अडचण?”

“घर हवे.”

“मग? एकाच माणसाने इतके अर्ज केलेत! आणि आपण उगाच म्हणत होतो की घरांची टंचाई आहे.” साहेबांचा चेहरा उजळला. सुंठीवाचून खोकला जात होता. “काढा.”

अल्पविरामाने ‘होय’ दाबलं. हजारो नोंदी गेल्या आणि पडद्यावर दोन उरल्या. पहिलीत ‘अर्जदार, निरंक, घर हवे.’ दुसरीत ताई होती, आप्पा होते, पोतं होतं, खुर्ची होती, ऊन होतं आणि शेवटी, ‘बाई, सगळं लिहिताय ना?’

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. त्यांनी मनाशी भागाकार केला आणि ते मटकन खाली बसले.

“अहो, निम्मा डेटाबेस घाण! पन्नास टक्के अशुद्धता! खात्यात आपला खालून पहिला नंबर येईल. काल हजारांत एक होती तर कुणाच्या बापाला दिसली नसती, आज दोनात एक आहे. कुणाची ही नोंद?”

आता या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. माझ्या बहिणीची, माझे वडील आहेत त्यात, ही राहू द्या, नाहीतर सगळ्यांच्या परत आणा. एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? अल्पविरामाने तोंड उघडलं.

“साहेब, ही माझ्या...”

“तुमच्या हातून राहून गेली, माहीत आहे मला. चुकतो माणूस. करा लवकर, पथक जिन्यात आलंय.”

आणि त्याने ती केली. नाव, पत्ता, शेरा. सवयीचा हात होता, वेळ लागला नाही. ऊन सगळ्यात शेवटी गेलं, कारण ते मजकुराच्या मध्ये होतं आणि त्याने मुद्दाम कडेकडेने पुसायला घेतलं होतं. संगणकाने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा ‘होय’ दाबलं.

शुद्धतेचं प्रमाण शंभर टक्के झालं. पथकाने एकमेव नोंद उभ्याने वाचली आणि टाळ्या वाजवल्या. शितावरून भाताची परीक्षा करतात, इथे भातच एक शीत होता, त्यामुळे परीक्षा झटपट आटोपली. जुनी प्रत कुठे ठेवली आहे का, असं पथकातल्या एका नवख्या बाईने विचारलं. अशुद्ध माहिती बाळगणं नियमात बसत नाही, असं साहेबांनी सांगितल्यावर सगळे हसले. त्याच आठवड्यात प्रतीक्षायादी संपल्याचं जाहीर झालं. एका अर्जदाराला एक घर देण्यात आलं. घर तळमजल्यावरचं होतं, दारात सकाळचं ऊन येत होतं. ताबा घेण्यासाठी ‘अर्जदार’ या नावाचा ओळखीचा पुरावा आणि ‘निरंक’ येथील रहिवासाचा दाखला आणायचा होता. ते अजून कुणी आणलेले नाहीत. घर रिकामं आहे, पण दिलेलं असल्यामुळे दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

रविवारी अल्पविराम चार मजले चढून ताईकडे गेला. वाटेत त्याने तीन वेगवेगळी कारणं तयार केली होती. दारातच ताईने विचारलं तेव्हा त्याला एकही आठवलं नाही.

“ताई, नव्याने अर्ज भरावा लागेल.”

“म्हणजे माझा गेला?”

“सगळ्यांचेच गेले.”

ती भांडेल, रडेल, निदान घालवून देईल अशी त्याची अपेक्षा होती. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने नुसतं आतल्या खोलीकडे पाहिलं. आप्पा खिडकीशी बसले होते, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पडलेलं ऊन बघत होते.

“सांग,” अल्पविराम कोरा अर्ज उघडून म्हणाला. “या वेळी सगळं लिहितो. पहिल्यापासून. आप्पांचं, खुर्चीचं, सगळं.”

ताईने अर्जावरची ती चौकट पाहिली. बोटाने मापून पाहिली.

“नको रे. एवढं कुठे मावणार? आणि साफसफाई करतात म्हणजे त्यांना हे आवडत नसणार. उगाच आपल्याच एकट्याच्या अर्जावर कुणी बोट ठेवायला नको. चारचौघांचं असतं तसं लिही. ‘घर हवे.’ बस.”

“आणि ऊन?”

“ते काय लिहायचं असतं होय?”

त्याने लिहिलं. सुवाच्य, सरळ, जास्तीची एकही स्पेस न सोडता.

अल्पविरामाचा राग तुम्हाला आला असेल, साहेबांचा तर आलाच असेल. येऊ द्या. फक्त मागच्या खेपेला कुठल्याशा अर्जावर ‘आपली अडचण थोडक्यात लिहा’ अशी चौकट आली होती, तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवून बघा. तुम्ही चौकट पाहिलीत, मग अडचण पाहिलीत, आणि चौकटीत बसेल एवढीच लिहून बाकीची गिळलीत. त्या दिवशी तुमच्या मजकुराला कार्यालयात कुणी हातही लावला नाही. काढण्यासारखं तुम्ही काही ठेवलंच नव्हतं.