काका घरीच आहेत

नोंदणीकाकांनी त्या संध्याकाळी एक कागद न वाचता सही करून टाकली, आणि सगळं तिथून सुरू झालं.

वास्तविक हा माणूस न वाचता सही करणाऱ्यांतला नव्हे. जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात त्यांनी बावीस वर्षं काढली होती, म्हणून तर सगळी इमारत त्यांना नोंदणीकाका म्हणायची. रकाना चुकला, फॉर्म परत. निळ्याऐवजी काळी शाई, फॉर्म परत. (एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी स्वतःच्याच जन्माचा पुरावा आणायला तीनदा माघारी धाडलं होतं. चौथ्यांदा गृहस्थ आलेच नाहीत. त्यांचा मुलगा आला, आणि त्याने दुसऱ्या रजिस्टरात नोंद करून घेतली.)

पण त्या दिवशी काका पेपर वाचत होते आणि समोर लेक उभी होती. सतरा वर्षांची. जन्मल्याबरोबर तिने जो सूर लावला तो ऐकून नर्सबाई हातातलं सोडून धावत आल्या होत्या, तेव्हापासून तिचं नाव टिटवी पडलं ते पडलंच.

"बाबा, सही करा ना. मास्टरक्लास आहे. युवा केंद्रात. कॅमेरा, मुलाखत, रेडिओ, सगळं शिकवतात. बोलायला शिकवतात."

"तुला?" काकांनी पेपर खाली केला. "बोलायला? गप्प बसायचा क्लास असेल तर दोन सह्या करतो."

"घरच्यांची संमती लागते. इथे. आणि इथे."

काकांनी इथे आणि इथे सही केली आणि पेपर पुन्हा वर धरला.

पुढचे पाच शनिवार-रविवार बरे गेले. टिटवी कधी भिंतीकडे तोंड करून बातम्या वाचायची, कधी जेवताना काकूंची मुलाखत घ्यायची. क्लास घेणाऱ्या बाई रेडिओवर तीस वर्षं निवेदन करून निवृत्त झालेल्या. "बोलायच्या आधी ऐकायला शिका," असं त्या म्हणतात, हे टिटवी दिवसातून दहादा मोठमोठ्याने सांगायची. मग सहाव्या आठवड्यात ती एकदम शांत झाली. बसायची आणि काकांकडे बघत राहायची. ते खोकले की हिचे ओठ हलायचे. काकांना वाटलं, परीक्षा जवळ आली असेल.

मंगळवारी ते ऑफिसातून परतत असताना तळमजल्यावरच्या दुकानातून घड्याळवाल्यांनी हाक मारली. घड्याळवाले सत्तरीचे, डोळ्याला कायम भिंग लावलेलं.

"काय हो, ताप उतरला का?"

"कसला ताप?"

"काल तुम्हीच नाही का सांगितलंत, दाराआडून? मी किल्ली मागायला वर आलो होतो, गच्चीची. म्हणालात, ताप आहे, जवळ येऊ नका. बरोबर तीन वाजून सात मिनिटांनी."

"काल तीन वाजता मी ऑफिसात होतो."

घड्याळवाल्यांनी भिंगातून काकांकडे नीट पाहिलं. बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहतात तसं.

"आवाज तुमचाच होता," ते म्हणाले. आणि यात चूक होणं अवघड होतं, कारण काकांचा आवाज म्हणजे एक विशेष चीज होती. पातळ, नाकातला, आणि प्रत्येक वाक्याआधी तीनदा घसा खाकरायची सवय. (फोनवर लोक म्हणायचे, "बाई, जरा साहेबांना देता का?") "आणि पहिल्यांदाच हो, माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत. फार बरं वाटलं."

काकांना गुडघ्याचं काही ठाऊकच नव्हतं. ते जिना चढले, पण हळूहळू. घरात काकू मशीनवर कुणाचातरी कोट शिवत होत्या.

"काल दुपारी घरी कोण होतं?"

"मला काय माहीत? मी कपडे पोचवायला गेले होते," काकू म्हणाल्या. मग मशीन थांबवून त्यांनी काकांच्या कपाळाला हात लावला. "तुम्ही बरे आहात ना?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या काळजीने विचारला की काकांना आपण बरे नसल्याची खात्रीच पटली.

बुधवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेबांनी बोलावलं की काका फायलींचा गठ्ठा सोबत घेऊनच जायचे, पण साहेब चक्क उठून उभे राहिले.

"काल तुम्ही फार मदत केलीत. मी जुन्या गोदामात होतो, तुमचा मोबाईल लागेना. जेवायला घरी गेला असाल म्हणून घरी फोन केला. रजिस्टर कुठाय ते चटकन सांगितलंत. डावीकडून तिसरं कपाट, खालचा खण, किल्ली जरा उचलून फिरवा."

"मी?"

"आणि शेवटी काय विचारलंत आठवतंय? साहेब, जेवलात का?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "या खुर्चीत बसल्यापासून मला हे कुणी विचारलं नाही हो."

काका जागेवर येऊन बसले. काल दुपारी ते इथेच होते, याच खुर्चीवर, डबा उघडून. मोबाईल बंद पडला होता हे खरं. पण किल्ली उचलून फिरवायची ही गोष्ट जगात त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. (म्हणजे ते रोज रात्री जेवताना घरी सांगायचे, पण घरी कोणी ऐकत असेल ही शक्यता त्यांच्या मनात आली नाही.)

समोर भिंतीलगत काळ्या कापडी पाठीची रजिस्टरं ओळीने उभी होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच काकांना वाटलं, ती आपल्याकडे बघताहेत. कुणीतरी आपल्या घरात आपल्या आवाजात वावरतंय. आपल्यासारखा खोकतोय. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, तो आपल्यापेक्षा चांगला वागतोय.

गुरुवारी दुपारी दोन वाजता त्यांनी डोकं दुखण्याचं कारण सांगून रजा टाकली आणि घर गाठलं.

दुपारच्या त्या वेळी जिना रिकामा असायचा. वरच्या झरोक्यातून राखी उजेड उतरायचा आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचता पोचता विझून जायचा. काका पाय न वाजवता चढले. दारापाशी थांबले. आत मशीन चालू होतं, मग थांबलं. आणि काकू हसल्या.

नुसतं हसू नव्हे. श्वास लागेपर्यंत, पदराने डोळे पुसत हसावं तसं. काकांनी ते हसू ओळखलं. पण शेवटचं कधी ऐकलं ते काही केल्या आठवेना. मग मशीन पुन्हा सुरू झालं आणि दारापलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी घसा खाकरला. एकदा. दोनदा. तीनदा.

किल्ली हातात होती, पण हात भोकापर्यंत जाईना. त्यांनी बेल दाबली.

"कोण आहे?" आतून त्यांचाच आवाज आला.

"मी," काका म्हणाले.

"मी कोण?"

"मी... मी इथे राहतो."

"इथे तर मी राहतो," आतला आवाज शांतपणे म्हणाला. "तुम्ही सहाला या."

काका रोज सहालाच घरी यायचे.

आणि इतकी वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला वेळ दिली की जे होतं तेच झालं. काका "बरं" म्हणाले आणि जिना उतरले.

खाली घड्याळवाल्यांच्या दुकानात कुणी नव्हतं. नुसती घड्याळं टिकटिकत होती, आणि काकांना वाटलं, त्यांतलं एकही आपली वेळ सांगत नाहीये. ते सरळ ऑफिसात परत गेले आणि त्यांनी मृत्यूचं रजिस्टर उघडलं.

गेल्या आठ दिवसांच्या नोंदी. काकांचं बोट नावांवरून एकेक ओळ खाली सरकू लागलं. शिपाई मागे येऊन उभा राहिला.

"काका, रजेवर होतात ना? काय शोधताय?"

"ओळखीचं कोणी आहे का ते."

"आहे का?"

"अजून तरी नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी मागचा महिनाही पाहून घेतला. नाव नव्हतं. पण त्याने धीर येईना. कारण नोंद नाही म्हणजे माणूस मेला नाही असं होत नसतं, हे त्यांनी स्वतःच शेकडो लोकांना खिडकीतून सुनावलं होतं.

सहाला पाच मिनिटं असताना त्यांनी घड्याळवाल्यांचा दंड धरला. "चला वर. साक्षीदार हवा."

"कशाला?"

"आत मी असेन तर सांगायला की बाहेरचाही मीच आहे."

घड्याळवाले मुकाट्याने उठले. (त्यांनी खिशात एक पेचकस टाकला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.) दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं, मशीनवर अर्धा कोट पसरलेला, त्याची एक बाही खाली लोंबत होती. आतल्या खोलीत अंधारून आलं होतं, आणि तिथून काकांचा आवाज येत होता. हळू. कुणालातरी सांगत असल्यासारखा.

"लेक बोलायला लागली की मी पेपर वर धरतो. पेपरात मला काही दिसत नसतं. मी नुसता ऐकत असतो. एक दिवस ही शिकायला, नोकरीला निघून जाईल. मग या घरात किती शांत होईल, त्याची मी आत्तापासून सवय करून घेतोय. पण होत नाहीये सवय."

काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. ताप, गुडघे, कपाटाची किल्ली, ते सगळं ठीक. पण हे? हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. हे ज्याला ठाऊक, तो खरा काका. मग आपण कोण?

"अहो, दिवा लावा," घड्याळवाले कुजबुजले.

काकांनी बटण दाबलं. पलंगावर पाठमोरी टिटवी बसली होती. नाकावर काकांचा जुना चष्मा, समोर उशीवर मोबाईल टेकवलेला. ती दचकून वळली आणि किंचाळली. यावेळी स्वतःच्या आवाजात. ते ऐकून स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या, आणि पेचकस उगारून उभे असलेले घड्याळवाले बघून त्याही किंचाळल्या.

सगळे शांत व्हायला दहा मिनिटं लागली. (घड्याळवाल्यांच्या मते अकरा.)

"शेवटचा गृहपाठ आहे बाबा," टिटवी रडवेली होऊन म्हणाली. "घरातल्या एका माणसाचा आवाज पंधरा दिवस ऐकायचा. मग त्या आवाजात बोलायचं. तो बोलतो ते नाही. त्याला बोलायचं असतं आणि जमत नाही, ते. संमती घेतली होती मी. कलम सात."

तिने फॉर्म आणून दाखवला. कलम सात होतं. खाली काकांची सही होती. निळ्या शाईत.

"आणि दारातून मला सहाला या कोण म्हणालं?"

"ते तुम्ही होतात?" टिटवीने कपाळाला हात लावला. "मला वाटलं, माझी मैत्रीण आली. आम्ही दोघी दारातच तुमच्या आवाजाची तालीम करतो. तिला सहाला बोलावलं होतं."

"तुलाही माहीत होतं?" काकांनी काकूंकडे पाहिलं.

"कालपासून. त्याआधी दोन दिवस मी अर्धी झाले होते काळजीने," काकू म्हणाल्या. "आतल्या खोलीतून तुमचा आवाज आला, 'दमली असशील, बस जरा.' मी म्हटलं, झालं! डॉक्टरांनी यांना काहीतरी भलतंच सांगितलंय."

घड्याळवाल्यांनी मोठ्याने नाक शिंकरलं आणि पेचकस खिशात ठेवला. मग टिटवीच्या नाकावरचा चष्मा काकांनी अलगद काढला आणि म्हणाले, "ते शेवटचं... सवयीचं. ते तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही पेपर उलटा धरता बाबा. कधीकधी."

रविवारी केंद्राच्या सभागृहात मुलांचे आवाज ऐकवले. टिटवीचा सुरू झाला तेव्हा दिवे मंद केले होते, आणि स्वतःचा आवाज चारही भिंतींतून येताना ऐकून काकांच्या अंगावर पुन्हा तोच काटा आला. संपल्यावर दिवे लागले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निवेदिकाबाईंनी काकांना मंचावर बोलावून दोन शब्द बोलायला सांगितलं. काकांचं मन भरून आलं होतं. सांगायचं खूप होतं. त्यांनी तीनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "सर्व काही नियमानुसार आहे." आणि खाली उतरले.

ते त्यांना रात्रभर डाचलं. सोमवारी त्यांनी मनाशी ठरवलं, आता पुरे. आपलं आपण बोलायचं. टिटवीला आपल्या तोंडचं कशाला बोलायला लावायचं?

संध्याकाळी ते नेहमीपेक्षा लवकर आले. टिटवी मैत्रिणीकडे गेली होती. काकू दाराकडे पाठ करून मशीनवर बसलेल्या, सुईत दोरा ओवण्यात गढलेल्या. काका उंबऱ्यात थांबले. वाटेत सात वेळा म्हणून पाहिलेलं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा मनात घोळवलं, घसा खाकरला आणि जमेल तितक्या मायेने म्हणाले,

"तू उठू नकोस. आज चहा मी करतो."

काकूंनी मान वर केली नाही. दोरा ओठात ओला करून त्या म्हणाल्या,

"बोलणं गोड आहे गं टिटवे. पण आवाज आज अजिबात जमला नाही."