मडावीभाऊंची खादाड बाग

झाडाचं पान किड्यांनी खाल्लं की लोक फवारा आणायला धावतात. आमचे शेजारी मडावीभाऊ पेढे आणतात.

कोळसा खाणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भद्रावतीत घरामागे फुलपाखरांची बाग केली. रोपं लावली की त्यातली जगली किती, ते मी मोजतो. भाऊ मोजतात, खाल्ली किती गेली. "लिंबू साफ, साहेब. एक पान नाई ठेवलं पोट्ट्यांनी." पोट्टे म्हणजे अळ्या. एकदा आमच्याकडे कढीपत्ता देऊन गेले आणि लगेच कुंपणावरून ओरडले, "वहिनी, फोडनी थांबवा. पानावर कोनी झोपलं असन."

त्या शनिवारी गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेची मुलं बाग पाहायला येणार होती. रुईच्या पानाखाली लटकलेला कोष आदल्या संध्याकाळीच काळसर झाला होता. "उद्या सकाळी निघते. पोरायच्या डोळ्यासमोर," भाऊ सगळ्या गल्लीला सांगत सुटले.

सकाळी ते चौकात बसची वाट पाहत उभे. इकडे आमच्या सौभाग्यवतींनी शनिवारच्या नेमानं, पानाखाली न बघता, त्यांच्याच रुईची पानं तोडली, हार ओवला आणि मारुतीला घालून आल्या.

भाऊ मुलांना घेऊन आले आणि बोडकी रुई पाहून त्यांचा चेहरा उतरला. मग एकदम म्हणाले, "शनिवार आहे ना आज? चला देवळात."

भाऊ पुढे, मुलं मागे, मी आणि सौ. त्यांच्याही मागे. कोष मारुतीच्या छातीवरच होता, हलत होता.

पुजारी म्हणाले, "भाऊ, देवाचा हार काढता येत नाई."

"काढू नका. हलवू बी नका. घंटाही नका वाजवू."

सभामंडपात सगळे श्वास रोखून बसले. कोष तडकला. चुरगळलेलं, ओलं नारिंगी काहीतरी बाहेर आलं, पानाला उलटं लटकलं आणि हळूहळू पंख पसरू लागलं. सौ.नी माझा दंड घट्ट धरला.

एका मुलीनं विचारलं, "आजोबा, याची माय कुठी आहे?"

"ती अंडं ठेवून गेली."

"सोडून?"

भाऊ तिच्याकडे वळले. "माही माय बी मले आश्रमशाळेत ठेवून गेली होती. तवा मले लय राग आला. मंग समजलं. जिथी पोटभर भेटते ते पान हुडकते माय, तिथीच ठेवते."

मुलगी सरकून त्यांना टेकून बसली. फुलपाखरू उडालं तरी भाऊ उठले नाहीत.