अमावस्येची लिफ्ट

चंद्र दिसत नसला तरी तो कुठेतरी आपलं काम करतच असतो, अशी माणसाची श्रद्धा आहे. इमारतीच्या सेक्रेटरीबद्दलही हेच म्हणता येईल. फरक इतकाच, की चंद्र पंधरा दिवसांनी पुरता दिसतो.

ज्या इमारतीची ही हकिगत आहे, तिला पाच मजले, सोळा घरं, जाळीच्या दाराची एक लिफ्ट आणि एक कोचबाई आहेत. कोचबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लोकांना आयुष्य कसं जगायचं ते शिकवतात. (वय एकोणतीस.) नळाला पाणी कमी येतं, जिन्यातला दिवा आपल्या मर्जीने लागतो आणि गच्चीवर कपडे वाळत घालण्यावरून दोन कुटुंबं एकमेकांशी बोलत नाहीत, या सगळ्याच्या मुळाशी रहिवाशांचं स्वतःकडे झालेलं दुर्लक्ष आहे, असं त्यांनी वार्षिक सभेत दाखवून दिलं. उपाय साधा होता. दर अमावस्येला संध्याकाळी प्रत्येकाने एक संकल्प सोडायचा आणि मग स्वतःची काळजी घ्यायची. अमावस्येला आभाळ रिकामं असल्यामुळे मागणी लवकर पोचते. (पौर्णिमेला गर्दी असते.) सेक्रेटरींना हे तिथल्या तिथे पटलं, कारण यात टाकी धुवावी लागत नव्हती. त्यांनी रात्रीतून परिपत्रक काढलं, ते असं:

एक. संकल्प वर्तमानकाळात सोडावा. ‘मला झोप हवी’ असं न म्हणता ‘मला झोप लागते आहे’ असं म्हणावं. मात्र सभा चालू असताना म्हणू नये.

दोन. पाय कोमट पाण्यात सोडून बसावं. पाणी सर्वांनी एकाच वेळी तापवू नये, फ्यूज जातो.

तीन. आरशासमोर उभं राहून ‘नाही’ हा शब्द सात वेळा स्पष्ट उच्चारावा.

चार. त्या संध्याकाळी दाराची बेल आणि फोन बंद ठेवावेत व दुसऱ्याचं ओझं उचलू नये. (किराणा अपवाद.)

पहिली अमावस्या कर्क राशीत होती. कर्क म्हणजे घर, पोट आणि पाणी. सगळ्यांनी मिळून टाकी भरल्याचा संकल्प सोडला आणि त्या समाधानात टँकर मागवायचा राहिला. दुसरी सिंह राशीत. त्या महिन्यात नेतृत्वगुण जागे झाले आणि कार्यकारिणीला एकदम नऊ अध्यक्ष मिळाले. तिसरी कन्येची, म्हणजे स्वच्छतेची. जिना झाडला गेला नाही, पण तो झाडलेला आहे या भावनेने लोक त्यावरून जाऊ लागले. सेक्रेटरींनी पाहणी केली, तेव्हा सोळापैकी पंधरा घरांना बरं वाटत होतं. उरलेलं एक घर तीन वर्षं बंद आहे. तिथली मनःशांती सर्वांत चांगली आढळली.

चौथ्या मजल्यावर शिवणकामाच्या काकू राहतात. पडदे, गणवेश, चेन बदलणं, पँटच्या मोहऱ्या आखूड किंवा लांब करणं, असं सगळं त्या करतात. इमारतीत कोणाची कंबर कोणत्या वर्षी किती वाढली, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्या ते कोणाला सांगत नाहीत. शेजारधर्म बराचसा त्यावर टिकून आहे. त्यांच्या बेलला वेळकाळ नाही. लोक म्हणतात, अर्जंट नाही हो काकू, संध्याकाळपर्यंत चालेल. घरात काका आहेत. काका निवृत्त झाले आहेत. म्हणजे पूर्वी ज्या वस्तू त्यांना ऑफिसात सापडत नसत, त्या आता घरात सापडत नाहीत.

चौथी अमावस्या तूळ राशीत आली. तूळ म्हणजे समतोल, कोचबाईंच्या शब्दांत ‘आपली रेघ आखून घेणं’. खाली पार्किंगमध्ये सगळे गोलात बसले आणि ज्याने त्याने आपापला संकल्प मोठ्याने सांगितला. सेक्रेटरी म्हणाले, ‘मी आज कोणाचीही तक्रार ऐकत नाही.’ (हा संकल्प त्यांना फारसा जड गेला नाही.) काकूंची पाळी आली, तेव्हा त्यांनी कॉलरला टोचलेली सुई चाचपली, जरा लाजल्या आणि म्हणाल्या, “मला एक तास कोणी हाक मारत नाही.”

एवढंच. सोन्याचा हार मागितला असता तरी त्यांना इतका संकोच वाटला नसता.

कोचबाईंचे डोळे भरून आले. “काकू, किती क्लिअर मागितलंत,” त्या म्हणाल्या. “आणि वर जाताना माझी ती ध्यानाची उशी घेऊन जाल? चेन गेलीये. अर्जंट नाही.”

काकू उशी काखेत घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्टने दुसरा मजला सोडला, तिसऱ्याच्या अलीकडे एक उसासा टाकला आणि थांबली. काकूंच्या डोळ्यांसमोर तिसऱ्या मजल्याची फरशी आली. त्या फरशीवरून आपापल्या घरी परतणाऱ्यांचे पाय चालले होते. चेहरा दिसत नसला तरी काकूंना काही अडत नव्हतं. राखाडी पँट, मोहरी अर्धा इंच सोडलेली, आतला जुना मोड अजून दिसतोय: सेक्रेटरी.

“अहो सेक्रेटरीसाहेब, लिफ्ट अडकली.”

मोहरी थबकली. सेक्रेटरींची अडचण खरी होती. हे म्हणणं तक्रार ठरलं, तर त्यांचा संकल्प मोडत होता. तक्रार म्हणून नव्हे तर निरीक्षण म्हणून, आणि शक्यतो उद्या, असं काहीतरी ते पुटपुटले आणि त्यांनी कोचबाईंना बोलावून आणलं. कोचबाई फरशीवर बसल्या, जाळीशी वाकल्या आणि हळुवार आवाजात म्हणाल्या, “काकू, तुम्ही काय मागितलं होतं?”

“एक तास कोणी हाक मारू नये.”

“मग?”

 काकूंनी लिफ्टच्या चारी भिंती पाहिल्या. हाक मारायला खरंच कोणी आत येऊ शकत नव्हतं. जे मागितलं होतं, ते जाळीच्या दारासकट मिळालं होतं. बाहेर ही बातमी पसरली आणि लोक जमले. कोणाचाही संकल्प इतक्या तातडीने फळला नव्हता. सेक्रेटरींकडची मशीनघराची किल्ली आणून लिफ्ट आत्ता खाली घेणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून माणसाला उठवणं, यावर एकमत झालं. सगळे चवड्यांवर, आवाज न करता पांगले. इतका आदर काकूंना लग्नातही मिळाला नव्हता.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई जिना चढून आल्या आणि त्यांनी एक शब्दही न बोलता जाळीतून एक पांढरा कोट आत सरकवला. त्याला बटण नव्हतं. खिशात बटण होतं. हाक मारली नाही, फक्त सरकवलं, त्यामुळे नियमभंग झाला नाही. ते कळल्यावर इतरांनाही आपापलं आठवलं. एक गणवेश आला, एक पडदा आला, दोन पँटी आल्या. सेक्रेटरींनी छत्रीचं उसवलेलं कापड सरकवलं आणि ओठांवर बोट ठेवून नमस्कार केला.

काकू ध्यानाच्या उशीवर बसून शिवत राहिल्या. खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्यांना फार बरं वाटलं. बेल नाही, कुकरची शिट्टी नाही, ‘अगं’ नाही. टाका सरळ येत होता. इतकी वर्षं आपण इंचटेप गळ्यात घालून हिंडतो, पण स्वतःची मापं आपण कधी घेतलीच नाहीत, असं त्यांच्या मनात आलं. लगेच त्यांनी कंबर मोजली आणि टेप गुंडाळून ठेवला. ही माहितीही त्या कोणाला सांगणार नव्हत्या.

काम संपलं. कपड्यांच्या घड्या झाल्या. तास होऊन गेला असावा. पण सगळ्यांचे फोन बंद आणि पाय पाण्यात असल्यामुळे तास मोजण्याचं काम कोणाकडेच राहिलं नव्हतं. वर कुठेतरी कोणीतरी आरशाला ‘नाही, नाही’ म्हणत होतं. आपण ओरडलो तर कोणीतरी येईल, हे काकूंना कळत होतं. तरी त्या ओरडल्या नाहीत. आयुष्यात एकदा तरी आपण न बोलावता कोणीतरी आपल्याला शोधत यावं, असं त्यांना वाटून गेलं. (हा त्यांचा त्या दिवशीचा दुसरा संकल्प. याची नोंद नाही.) मग भीती वाटली, की कोणी नाहीच आलं तर? सुई सापडेनाशी झाली की पिशवी झटकतात, घर धुंडाळतात, पायाला लागेल म्हणून मुलांना उचलून घेतात. आपल्यासाठी कोण काय झटकणार?

जिन्यावर मोजे घातलेली पावलं उतरली. उजव्या अंगठ्याला रफू केलेलं. रफू काकूंचंच.

“अगं,” काका म्हणाले, “साखर कुठे ठेवलीस?”

“वरच्या फळीवर. निळ्या डब्यात.”

“बरं,” म्हणून मोजे वर गेले. काकूंनी उशीत तोंड घातलं. त्या हसत होत्या की काय, ते लिफ्टच्या दिव्यात नीट दिसत नव्हतं. थोड्या वेळाने मोजे पुन्हा आले.

“निळे दोन आहेत.”

“झाकणाला दोरा बांधलेला.”

मोजे गेले. तिसऱ्यांदा आले, तेव्हा काकांच्या हातात दोन कपबश्या होत्या. कप जाळीतून जाईना. काका फरशीवर बसले, मांडी घालताना कण्हले, मग चहा बशीत ओतून त्यांनी ती बशी फटीतून आडवी आत धरली. निम्मा चहा सेक्रेटरींच्या छत्रीवर गेला.

“तू इथे आहेस होय,” काका म्हणाले. “तरीच म्हटलं घरात बरोबर वाटत नाहीये. मी आधी फ्यूज बघून आलो.”

काकूंनी उरलेला चहा प्यायला. त्यात मीठ होतं. दोरा दोन्ही झाकणांना होता, हे त्यांना आत्ता आठवलं. “छान झालाय,” त्या म्हणाल्या.

काकांनी सेक्रेटरींचं दार वाजवलं. दार उघडलं नाही. तेव्हा ते किल्लीशिवायच गच्चीवर मशीनघरापाशी गेले. तिथे कुलूपच नव्हतं, कधी नव्हतंच. (सेक्रेटरींकडे इतकी वर्षं जपून ठेवलेली किल्ली एका सायकलची निघाली.) काकांनी मेन स्विच बंद केला, मग हाताने चाक फिरवलं, आधी उलट, मग सुलट, आणि लिफ्ट कुरकुरत तिसऱ्या मजल्याला लागली.

पुढच्या सभेत हा प्रयोग पूर्ण यशस्वी ठरला. रहिवाशांच्या आग्रहावरून लिफ्ट दर अमावस्येला दोन मजल्यांच्या मध्ये थांबवावी, असा ठराव झाला. मागणी वाढल्यावर ती रोज संध्याकाळी थांबवण्यात आली आणि शेवटी उगाच वरखाली नको म्हणून कायमचीच. पाचव्या मजल्यावरचे लोक जिना चढतात. तेही स्वतःची काळजी घेण्यातच धरलं आहे. आता प्रश्न उरला एवढाच, की आत बसलेल्या माणसाला वेळेवर बाहेर कोणी काढायचं, पाणी कोणी द्यायचं, कोणी घाबरलं तर बाहेरून दोन शब्द कोणी बोलायचे. सभेत सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं.

“मी नाही म्हटलं तर?” काकूंनी विचारलं.

“म्हणा ना काकू,” कोचबाई आनंदून म्हणाल्या. “आरशासमोर सात वेळा. खूप मोकळं वाटेल.” आणि त्यांनी काकूंचं नाव ‘लिफ्टपालक’ या पदापुढे लिहून टाकलं.

हल्ली काकू तिसऱ्या मजल्यावर जाळीसमोर स्टुलावर बसून शिवतात. काका बशी घेऊन येतात. साखरेचं प्रमाण सुधारलं आहे. आत बसण्यासाठी काकूंचाही नंबर आहे, पण त्यांना एकदा लाभ मिळून गेल्यामुळे तो यादीच्या शेवटी ठेवला आहे.

बाहेरच्यांनाही प्रवेश खुला आहे. तुम्हाला यायचं असेल तर काकूंनाच सांगा, कधीही सांगा, आणि येताना ती चेन गेलेली पँट आणलीत तरी हरकत नाही. त्या रोज आरशासमोर सराव करतात, पण तुमच्यासमोर अजून ‘नाही’ म्हणणार नाहीत. आणि हे वाचून होईपर्यंत तुम्हाला घरातून कोणाचीच हाक आली नसेल, सगळं फारच शांत वाटत असेल, तर एकदा उठून जिन्यापर्यंत जाऊन या. तशी घाई नाही. आधी साखर सापडते का बघा.