छत्रीवाल्या आप्पांचं बोलावणं

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला आप्पा दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी नीट घडीवर बसवून आपल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसत. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये छत्री, तिच्या मुठीवर दोन्ही हात. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे म्युनिसिपालटीची शाळा, आणि शाळेत मतदान केंद्र. इथून हाक मारली तर तिथल्या पोलिसाने मान वळवावी, एवढंच अंतर. पण आप्पा जागचे हलत नसत.

"आप्पा, मत टाकून आलात का?" कोणी विचारलं तर म्हणत, "बोलावणं उनं नही अजून."

बोलावणं आलं नाही, म्हणून माणूस मत द्यायला जात नाही, हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. पुस्तकात तर नव्हतंच. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. वडील जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी उचलायचे. नागरिकशास्त्राचं पुस्तक मी पाठ केलं होतं आणि सुरतेच्या मराठी शाळेत तेच शिकवण्यासाठी आलो होतो. उधन्याहून डिंडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चाळीत मला आप्पांच्या शेजारची खोली मिळाली. पहिल्याच संध्याकाळी आप्पांच्या घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. पाठोपाठ आप्पाही आले. मी कुठला, कोणाचा, हे विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "मास्तर, पक्ष कोणता?"

मी म्हणालो, "अजून विचार केला नाही."

"विचार कशाला करायचा? जेवा आधी."

आप्पा आमच्या खानदेशातलेच. कापडाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे. त्यांच्या पक्षाचं चिन्ह छत्री. त्यामुळे आप्पा बारा महिने छत्री वापरत. थंडीत छत्री, चैत्रात छत्री, सिनेमाला छत्री. एकदा मी विचारलं, "आप्पा, ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला?" तर म्हणाले, "का? पक्ष काय पावसाळ्यापुरता असतो का?"

पक्षाचा कार्यक्रम काय, जाहीरनामा काय, हे मात्र त्यांनी कधी वाचलं नाही. त्यांच्या मते पक्ष म्हणजे भावकी होती. आपण जिथले आहोत तिथले आहोत. भावाने चूक केली तर त्याला घरात शिव्या द्याव्यात, बाहेर नाही. उमेदवार आळशी असला तर आप्पा आम्हाला दार लावायला सांगत आणि मग त्याचा उद्धार करत. दार उघडलं की तोच उमेदवार "गुणी माणूस" होई.

पण भावकीला रीत असते. आमच्याकडे लग्नाचं आवतण आलं, अगदी चूलबंद आलं, म्हणजे घरातली चूल पेटवू नका, सगळेच या असं सांगितलं, तरी तेवढ्यावर कोणी जेवायला जात नाही. पंगत बसायच्या वेळी यजमानाचा माणूस घरोघर येतो आणि म्हणतो, "चला, पानं वाढली." मग उठायचं. हा माणूस आला नाही तर सख्खा भाऊसुद्धा घरात बसून राहतो आणि पुढची पाच वर्षं रुसतो. आप्पांनी हीच रीत लोकशाहीला लावली होती. सभा, भोंगा, भिंतीवरची छत्री हे सगळं आवतण. मतदानाच्या दिवशी माणूस दारात आला पाहिजे.

बासष्टच्या निवडणुकीत तो येताना मी पाहिला. पक्षाचे जुने कार्यकर्ते दगडूभाऊ सकाळी आठलाच हजर. दुसऱ्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, तब्येत विचारली आणि उठून म्हणाले, "आप्पा, वैनी, चला." आप्पा पुढे, छत्री काखेत. दोन पावलं मागे आप्पांच्या पत्नी, आमच्या वैनी, नवं लुगडं नेसून. जत्रेला निघाल्यासारखे रस्ता ओलांडून गेले आणि दोघं एकमेकांच्या बोटाची शाई बघत परत आले.

त्यानंतर दोन वर्षांनी वैनी तापाने गेल्या. दगडूभाऊ म्हातारपणी गावी परतले. पक्षाचं काम प्रकाश नावाच्या तरुणाकडे आलं. मुलगा हुशार, बोलायला गोड आणि जीपमध्ये फिरणारा. सदुसष्टच्या मतदानाच्या आदल्या दिवशी त्याने मला आपली पद्धत समजावून सांगितली. "मास्तर, जे आपले पक्के आहेत त्यांच्याकडे जाऊन वेळ का घालवायचा? ते येणारच. जे डळमळीत आहेत त्यांच्या दारात जायचं."

"आणि आप्पा?"

"आप्पा तर घरचेच!"

मला ते पटलं. गणित बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी माझी नेमणूक समोरच्याच केंद्रावर बोटाला शाई लावण्यासाठी झाली. वर्गाच्या खिडकीतून मला आप्पा दिसत होते. नऊ वाजले, अकरा वाजले. प्रकाशची जीप दर तासाला चाळीवरून धूळ उडवत जायची. प्रकाश हात हलवायचा. आप्पा छत्री किंचित वर उचलायचे आणि पुन्हा टेकवायचे. जीप पुढच्या गल्लीतल्या डळमळीतांना आणायला जायची. दुपारी तीनपर्यंत डळमळीत सगळे जीपमधून येऊन गेले. पक्के आप्पा उन्हात बसलेले.

मग रमणभाई उठले.

रमणभाई रेल्वे फाटकापलीकडे राहणारे सुरती. जरीचं काम करायचे. त्यांच्या पक्षाचं चिन्ह बादली. पक्ष एवढा लहान की आमच्या भागात त्याचा अध्यक्ष, चिटणीस आणि भिंती रंगवणारा असे तिघेही रमणभाईच. मतदानाच्या दिवशी ते शाळेच्या फाटकाबाहेर, चुन्याच्या रेघेपलीकडे, लिंबाखाली एक टेबल मांडून बसत. टेबलाकडे सहसा कोणी येत नसे. हिवाळ्यात ते आप्पांना पोंक, म्हणजे सुरती हुरडा, आणून देत. आप्पा तो आवडीने खात आणि "आमच्या हुरड्याची सर नाही" असं सांगत पुडी संपवत.

तर रमणभाई टेबल सोडून रस्ता ओलांडून गेले आणि रिकाम्या खुर्चीवर बसले. पुढचं आप्पांनीच मला नंतर सांगितलं.

"आप्पा, मत आपवा चालो."

"तुझ्या बादलीला मी जन्मात मत देणार नाही, रमण."

"डोलने नै आपो. तमारी छत्रीने आपजो. पण चालो तो खरा!"

आप्पा उठले. मग आत जाऊन स्वतः चहा केला, दोघांनी घेतला आणि दोघं निघाले.

केंद्राच्या दारात नवीनच गोंधळ झाला. आमचे केंद्राध्यक्ष नियमाला पक्के. छत्री पाहताच ओरडले, "पक्षाचं चिन्ह आत आणता येणार नाही!"

"ही माझी छत्री आहे," आप्पा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी!"

आप्पा परत फिरले. मला वाटलं, आता हे घरी जाणार आणि पाच वर्षं रुसणार. पण ते चुन्याच्या रेघेपलीकडे गेले आणि त्यांनी छत्री रमणभाईंच्या टेबलावर ठेवली. मत देऊन येईपर्यंत बादलीच्या टेबलावर, बादलीच्या झेंड्याखाली छत्री आडवी पडलेली, आणि रमणभाई तिच्यावर हात ठेवून बसलेले. येणारेजाणारे हसत होते. प्रकाशने जीपमधून ते पाहिलं आणि त्याला काही उमगलं नाही.

एकाहत्तरची निवडणूक जवळ आली तेव्हा चाळीतल्या लोकांनी आप्पांना सल्ला दिला, "आप्पा, तुम्ही थोडे डळमळीत व्हा. मग बघा कशी जीप येते."

आप्पांना डळमळीत होणं जमण्यासारखं नव्हतं. पण बोलावणं हवं होतं. शेवटी मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी रमणभाईंच्या घरून एक बादली मागून आणली आणि दाराच्या खिळ्याला टांगली. बस्स. तोंडाने एक अक्षर बोलले नाहीत. खोटं बोलायची तयारी नव्हती.

संध्याकाळी जीप दारात. प्रकाश, त्याच्यामागे चार जण आणि त्यांच्यामागे साक्षात उमेदवार. टोपी, टॉवेल, नारळ. चाळ गोळा झाली. उमेदवारांनी आप्पांच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला.

आप्पांनी विचारलं, "हे कशाबद्दल?"

"तुम्ही पक्षात परत आलात म्हणून!"

"मी गेलो कुठे होतो?"

उमेदवारांनी प्रकाशकडे पाहिलं. प्रकाशने बादलीकडे पाहिलं. आप्पांनी टोपी काढली, टॉवेलाची नीट घडी केली आणि दोन्ही परत उमेदवारांच्या हातात दिली. "हे रुसलेल्या माणसाला द्यायचं असतं. मी रुसलो नाही. उद्या फक्त एक माणूस पाठवा, चला म्हणायला. चहा मी करतो."

"नक्की!" उमेदवार म्हणाले आणि जीपमध्ये बसताना प्रकाशला म्हणालेले मी ऐकलं, "हे तर आपले पक्केच आहेत. उगीच वेळ गेला."

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. नऊच्या सुमारास रमणभाई मात्र आले, घाईघाईत. "आप्पा, मारी डोल पाछी आपो ने! नळ जतो रहेशे, घरमां बैरी लडे छे." बादली घरी बायकोकडे पोचवून ते पुन्हा आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "हवे चालो." छत्री पुन्हा त्यांच्याच टेबलावर राहिली.

त्या निवडणुकीत आमच्या वस्तीत छत्री मागे पडली. पक्षाने चौकशी केली. डळमळीत लोक जीपमध्ये बसून आले होते आणि उतरून मनाला येईल तिकडे शिक्का मारून गेले होते. पक्के मात्र ठिकठिकाणी आपापल्या दारात बसून राहिले होते. सगळ्यांच्या नशिबी रमणभाई नव्हते. प्रकाशने हे मला सांगितलं तेव्हा तो खरोखर ओशाळला होता. "मास्तर, घरचेच सुटले हो हातातून."

वर्षभरात बहात्तरची निवडणूक आली. या वेळी माझी नेमणूक नव्हती, मी सकाळीच मत देऊन आलो होतो. आप्पा नेहमीसारखे दारात. दोन खुर्च्या. आणि आठ वाजता जीप थांबली. प्रकाश खाली उतरून आला, आप्पांच्या पाया पडला, रिकाम्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आप्पा, बोलावायला आलोय. चला."

सारी चाळ बघत होती. मला तर टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. दहा वर्षांनी पक्षाला रीत कळली होती.

आप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चहा दिला. मग म्हणाले, "तू हो पुढे. रमण अजून आला नाही."

प्रकाश गोंधळला. "आप्पा, बादली यंदा नाही. तो पक्ष दुसऱ्या मोठ्या पक्षात गेला. रमणभाई कशाला येतील?"

आप्पांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. लिंबाखाली टेबल नव्हतं. इतक्या सकाळपासून ते तिकडेच पाहत होते, आणि मला वाटत होतं ते जीपची वाट बघताहेत.

थोड्या वेळाने ते उठले. "मास्तर, चला येता का माझ्याबरोबर?"

आम्ही रेल्वे फाटक ओलांडलं. चालता चालता मी विचारलं, "आप्पा, इतकी वर्षं बोलावण्यासाठी का अडून बसलात? समोर तर होती शाळा."

आप्पा म्हणाले, "तुमची वैनी असताना घरातून निघताना कोणीतरी चला म्हणायचं. आता रोज सकाळी कारखान्याचा भोंगा म्हणतो. दुसरं कोणी नाही."

रमणभाई दारात बसून जरीच्या रिळाचा गुंता सोडवत होते. अंगात घरचाच सदरा. आम्हाला पाहून उठले नाहीत.

आप्पा म्हणाले, "रमणभाई, मत आपवा चालो."

"कोने आपुं, आप्पा? मारी डोल तो गई."

"छत्रीला नको देऊस. कुणालाही दे. पण चल तर खरा."

रमणभाईंनी मान वर केली. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. ते आत गेले आणि इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांच्या घरातल्या बाई मागून ओरडल्या, "आप्पा, सवारना एमज बेठा छे, चा पण नथी पीधी!" आप्पा म्हणाले, "मी पाजतो, बेन."

शाळेच्या फाटकाशी छत्रीचा प्रश्न पुन्हा आला. केंद्राध्यक्ष दुसरे होते, नियम तोच होता. ठेवायला टेबल नव्हतं. मी हात पुढे केला. "द्या इकडे, मी धरतो."

"ना, मास्तर," रमणभाई म्हणाले. "ए मारुं काम छे."

आप्पा आत गेले. रमणभाई चुन्याच्या रेघेपलीकडे उभे राहिले. ऊन वर आलं होतं. त्यांनी छत्री उघडली आणि डोक्यावर धरली. तेवढ्यात प्रकाशची जीप आली. तो बाहेर झुकून आनंदाने मला म्हणाला, "मास्तर, म्हणजे रमणभाई आता आपले धरायचे?"

आप्पा बाहेर आले. शाईचं बोट त्यांनी रमणभाईंना दाखवलं, त्यांच्या हातून उघडी छत्री घेतली आणि त्यांच्याच जागी उभे राहिले.

"जा रमण," ते म्हणाले. "सावकाश ये. मी आहे इथं."