परक्या निरोपापासूनचे कायदेशीर अंतर

माणसाचा खाजगी निरोप त्याच्या मनाइतकाच पवित्र असतो, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. दुमत आहे ते इतकंच, की तो किती अंतरावरून पवित्र असतो.

हा प्रश्न खाजगी निरोप संरक्षण अधिनियमाचा मसुदा करताना निघाला. टपाल, तार आणि टेलिफोन यांची कलमं पाच जणांच्या समितीने दोन बैठकांत उरकली, कारण खाजगी असं काही त्यांतून आता कोणी पाठवत नाही. पुढच्या नऊ बैठका मानेवर गेल्या. शेजाऱ्याच्या मोबाइलवरचा निरोप मान वळवून वाचणं हा गुन्हा आहे का, आणि असल्यास मान किती वळल्यावर? समितीने बसमधल्या दोनशे बारा प्रवाशांची पाहणी केली. आपण दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावतो, असं तिघांनी कबूल केलं. उरलेल्या दोनशे नऊ जणांनी शेजारचा डोकावतो असं सांगितलं. (त्यांनी ते कुठे बघून सांगितलं, यावर समितीने भाष्य टाळलं.)

अखेर अंतर ठरवण्याचं काम मसुदा कक्षातल्या एका जुन्याजाणत्या सहायकाकडे आलं. कचेरीत त्यांना सगळे पोटकलम म्हणत, कारण साधा चहा सांगतानाही एखादा अपवाद आणि एखादं स्पष्टीकरण जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही वाक्य सरळ गेलं नव्हतं. या कामाला त्यांच्याहून लायक माणूस शोधून सापडला नसता. गेले दोन महिने ते सकाळच्या आठ चाळीसच्या बसमध्ये, तिरक्या समोरच्या सीटवर बसणाऱ्या एका बाईंचे निरोप नियमितपणे वाचत होते.

याला डोकावणं म्हणणं अन्यायाचं होईल. बाईंनी अक्षरं मोठी ठेवली होती आणि पोटकलमांचा चष्मा नवा होता, एवढ्यावरच हे सुरू झालं. पहिल्या दिवशी त्यांच्या नजरेला पडलं ते असं: "दादा, आईचं हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरतंय. एकदा येऊन जा." दुसऱ्या दिवशी कळलं, दादाने निरोप वाचला पण उत्तर दिलं नाही. महिन्याभरात हेही कळलं, की वडील गेले तेव्हा कोणी कोणाला उशिरा कळवलं यावरून बहीण-भाऊ सात वर्षं बोलत नाहीत. त्यानंतर पोटकलमांचा जीव त्या सीटला टांगलेला राहिला. दादा उत्तर देतो की नाही, या एका प्रश्नापुढे त्यांना घरात, कचेरीत कशातच रस वाटेना. सुट्टीचा दिवस खायला उठे.

याच काळात त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर बायकोचे एकेचाळीस निरोप न उघडता पडून होते.

"उघडून तरी बघा एखादा," ती म्हणाली.

"घरच्या माणसाचं काय वाचायचं? बोलतोच की आपण," पोटकलम म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

कामात मात्र त्यांनी कसूर केली नाही. खिशातून टेप नेऊन, बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने, त्यांनी आपल्या डोळ्यापासून बाईंच्या मोबाइलपर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. ते दोन फूट चार इंच भरलं. त्याच दुपारी मसुद्यात नियम चढला: "दोन फूट तीन इंचांच्या आतून परक्याचा निरोप वाचणे हा दंडनीय अपराध राहील. स्पष्टीकरण एक: चष्मा हा डोळ्याचाच भाग समजण्यात येईल. स्पष्टीकरण दोन: मान पुढे काढली असल्यास अंतर मान पुढे काढल्यानंतरचे धरावे."

"या आकड्याला काही शास्त्रीय आधार आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रत्यक्ष मोजमाप केलंय, साहेब," पोटकलम म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि या खरेपणाचीच त्यांना मागाहून जास्त लाज वाटली.

कायदा एका सोमवारी अमलात आला. ऑपरेशन गुरुवारी होतं. त्या सोमवारी बसमध्ये बाई खूप वेळ मोबाइल हातात धरून बसल्या, आणि मग त्यांनी लिहायला घेतलं: "आदरणीय दादा, सप्रेम नमस्कार. गुरुवारी आपण कृपया येण्याचे करावे, ही नम्र विनंती." पोटकलमांच्या अंगावर काटा आला. असली पत्रं ते जन्मभर लिहीत आले होते, आणि अशा पत्राला कोणी कधी आलेलं त्यांना माहीत नव्हतं.

"आदरणीय नको," ते बोलून गेले. "भावाला कोणी आदरणीय लिहितं का? नुसतं 'ये' लिहा."

हे त्यांच्या कारकिर्दीतलं पहिलं सरळ वाक्य. ते उच्चारताना त्यांची मान इतकी पुढे गेली होती, की स्पष्टीकरण दोननुसार अंतर अकरा इंच भरत होतं.

बाई वळल्या. ओरडल्या नाहीत.

"किती दिवस वाचताय?"

"तीन महिने," पोटकलम म्हणाले, आणि सवयीने त्यांनी जोडलं, "सुट्ट्या वगळून."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग सगळं पुसलं, "दादा, ये" एवढंच लिहिलं, पाठवलं, आणि आपला स्टॉप आल्यावर उतरून गेल्या.

मंगळवारी बाईंच्या मोबाइलवर खात्याने फुकट वाटलेली काळी काच होती. ही काच पोटकलमांनीच पसंत करून शेरा मारला होता: "तिरकस पाहणाऱ्यास पूर्ण अंधार दिसतो, सबब खरेदीस हरकत नसावी." पोटकलमांना पूर्ण अंधार दिसला. माल चांगला निघाल्याचं समाधान त्यांना झालं, पण क्षणभरच.

गुरुवारपासून बाई बसला आल्याच नाहीत. ती सीट आठ दिवस रिकामी गेली. त्यावर दुसरं कोणी बसायला आलं की पोटकलम त्याच्याकडे असं बघत, की तो मागे जाऊन उभा राही. दादाने उत्तर दिलं का, हे आपल्याला या जन्मी कळणार नाही, या विचाराने त्यांनी कचेरीत तीन मसुद्यांत चुका केल्या.

नवव्या दिवशी बाई आल्या. चेहरा ओढलेला होता, केस घाईने बांधलेले होते. पोटकलमांनी दोन स्टॉप कसेबसे धीर धरला.

"उत्तर आलं का हो दादांचं?"

बाईंनी मोबाइल उघडून सरळ त्यांच्या तोंडासमोर धरला. पोटकलमांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

"मग? पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?" बाईंनी विचारलं.

"दादांचं."

बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. आपलं काय चुकलं, ते पोटकलमांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

दादाने काय लिहिलं होतं, ते इथे देता येत नाही. बाईंची संमती तोंडी होती, एकाच माणसापुरती होती, आणि तुम्ही तर त्या बसमध्येही नव्हता. ज्यांना ते कळल्याशिवाय राहवणारच नाही, त्यांनी विहित नमुन्यात अर्ज करावा. आजवर असे एक हजार चारशे सहा अर्ज आले आहेत. बाईंची आई आता कशी आहे, हे विचारण्यासाठी त्याच नमुन्यात खाली एक रकाना ठेवला आहे, पण तो अजून कोणी भरलेला नाही. तुमचा अर्ज आत्ताच पोचला. त्यातही तो रकाना कोरा आहे.